अंगठ्याचा ठसा आणि उतारवय

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील टेंभली या लहानशा आदिवासी गावात देशातील पहिले आधार क्रमांक प्रदान करण्यात आले. तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग या समारंभास उपस्थित होते. ज्या नागरिकाजवळ जन्माचा दाखला नाही, शाळा सोडल्याचा दाखला नाही, सातबाराच्या उताऱ्यावर नाव नाही, त्यालाही आपली ओळख सांगता यावी आणि शासनदरबारी ती मान्य व्हावी, हा या योजनेमागील हेतू होता. त्यासाठी जी साधने निवडण्यात आली ती गरीब-श्रीमंत, साक्षर-निरक्षर अशा सर्वांजवळ असतातच : हाताच्या बोटांवरील रेषा आणि डोळ्यांतील बुबुळे. कागद हरवतो, पावसात भिजतो, वाळवी लागते; बोट मात्र माणसाबरोबरच राहते, असा हा साधा विचार होता.

हा विचार तरुणांच्या बाबतीत जितका खरा ठरला तितका वृद्धांच्या बाबतीत ठरला नाही. स्वस्त धान्य दुकान, बँक, टपाल कार्यालय, सेवा केंद्र अशा प्रत्येक ठिकाणी गेल्या दहा-पंधरा वर्षांत कोणते ना कोणते यंत्र येऊन बसले आहे. धडधाकट माणसाचे काम त्यामुळे खरोखरच सोपे झाले. परंतु ज्यांचे आयुष्य या सेवांवर सर्वाधिक अवलंबून आहे, त्या वयोवृद्धांनाच या यंत्रांशी जुळवून घेणे सर्वाधिक अवघड जाते. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या १० कोटी ३८ लाखांहून अधिक होती आणि त्यांपैकी सुमारे ७१ टक्के ग्रामीण भागात राहत होत्या. महाराष्ट्रात हे वयोवृद्ध एकूण लोकसंख्येच्या ९.९ टक्के, म्हणजे जवळजवळ दहा माणसांमागे एक, इतके होते. त्यानंतर हे प्रमाण वाढतच गेले आहे. तेव्हा हा प्रश्न थोड्याथोडक्यांचा मानून चालणार नाही.

रेषा कोठे जातात?

बोटांवरील रेषांची ठेवण गर्भावस्थेतच ठरते आणि ती आयुष्यभर बदलत नाही, हे शास्त्रीय सत्य आहे. गुन्हे अन्वेषणात ठशांना महत्त्व आले ते याच कारणाने. तथापि ठेवण कायम राहणे वेगळे आणि ती यंत्राला वाचता येणे वेगळे. वय वाढते तसे कातडीतील स्निग्धता व ओलावा कमी होतो, तिची लवचिकता जाते, बारीक सुरकुत्या पडतात आणि रेषांची उंची कमी होऊन त्या सपाट होत जातात. ठसा वाचणारे यंत्र प्रत्यक्षात रेषेचा उंचवटा आणि दोन रेषांमधील खोलगट भाग यांतील फरक टिपत असते. हा फरकच पुसट झाला, किंवा कोरड्या कातडीमुळे बोट काचेवर नीट टेकलेच नाही, तर यंत्रासमोर तुटक, अर्धवट चित्र उभे राहते आणि ते पूर्वी नोंदलेल्या ठशाशी जुळत नाही.

यात कष्टाची भर पडते. चाळीस-पन्नास वर्षे खुरपे, विळा आणि कुदळ धरलेला हात, ऊसतोडीला गेलेला हात, वीटभट्टीवर किंवा चुन्याच्या कामावर राबलेला हात, राखेने भांडी घासलेला हात हे सारे हात रेषांच्या बाबतीत वयापेक्षा अधिक म्हातारे झालेले असतात. ज्याने आयुष्यभर लेखणी धरली त्याचा ठसा सत्तरीतही उमटतो. जिने आयुष्यभर खुरपे धरले तिचा पन्नाशीतच धूसर होतो. म्हणजे ज्यांना धान्याची आणि अनुदानाची खरी गरज, त्यांचीच बोटे यंत्राला अपुरी पडण्याचा संभव अधिक. हा विपरीत योग योजना आखताना कोणाच्या मनात नव्हता, पण तो प्रत्यक्षात आला आहे.

धान्य दुकानात याचे रूप सर्वांच्या परिचयाचे आहे. “आजी, बोट पदराला पुसा,” “जरा जोरात दाबा,” “आता दुसरे बोट ठेवा,” असे दुकानदार सांगत राहतो. कोणी बोट ओले करून पाहतो, कोणी तेलाचा हात फिरवतो. मागे रांग वाढत जाते. पाचसहा प्रयत्नांनंतर “उद्या सकाळी या, तेव्हा रेंज बरी असते,” असे सांगण्यात येते. दोष बोटाचा की रेंजचा हे वृद्धेला कळण्याचा मार्ग नसतो, आणि बहुधा दुकानदारालाही नसतो. पाड्यावरून दोन-तीन किलोमीटर चालत आलेल्या स्त्रीसाठी ‘उद्या’ हा शब्द किती जड असतो हे वेगळे सांगावयास नको.

शासनाच्या अहवालांतही या अडचणीची नोंद झालेली आहे. केंद्र शासनाच्या २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत आधार प्रमाणीकरण अयशस्वी होण्याच्या प्रमाणाचे अंदाज झारखंडसाठी ४९ टक्के आणि राजस्थानसाठी ३७ टक्के असे उद्धृत करण्यात आले होते आणि त्यामुळे खरे लाभार्थी वगळले जाण्याचा धोका मांडण्यात आला होता. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर केलेल्या निवेदनात आधार प्राधिकरणाने शासकीय सेवांमधील प्रमाणीकरणाच्या यशाचे प्रमाण ८८ टक्के असल्याचे सांगितले. शंभरांत अठ्ठ्याऐंशी हे परीक्षेतील गुण म्हणून उत्तम आहेत. शिधावाटपाच्या बाबतीत उरलेल्या बारांचा विचार आधी करावा लागतो. अयशस्वितेची सर्व कारणे वयाशी निगडित नसतात, त्यांत दूरसंचार जाळे आणि नोंदणीतील चुकाही येतात, हे खरे. परंतु वय हे त्यांपैकी एक मान्य कारण आहे. १५ जानेवारी २०१८ रोजी प्राधिकरणाने चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची पद्धत जाहीर केली तेव्हा वार्धक्य, कष्टाचे काम आणि झिजलेले ठसे या कारणांचा स्पष्ट उल्लेख केला होता.

सहीकडून पुन्हा अंगठ्याकडे

महाराष्ट्राच्या ग्रामीण इतिहासात अंगठ्याला एक वेगळाच अर्थ आहे. सावकाराच्या वहीत उमटलेला अंगठा हे असहायतेचे चिन्ह होते. निरक्षराला ‘अंगठाबहाद्दर’ म्हणून हिणविले जात असे. १९५९ साली सातारा जिल्ह्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेने प्रौढ स्त्री-पुरुषांना अक्षरओळख करून देण्याचे मोठे काम केले. रात्री कंदिलाच्या उजेडात शाळामास्तरांनी गावकऱ्यांचा हात धरून त्यांना सही शिकविली. अंगठा सुटला आणि सही आली, हा त्या पिढीच्या दृष्टीने अभिमानाचा क्षण होता.

त्याच पिढीला आज पुन्हा अंगठा पुढे करावा लागतो. सही चालत नाही, कारण यंत्राला सही कळत नाही. आणि अंगठाही चालत नाही, कारण तो झिजला आहे. एकेकाळी ज्या अंगठ्याने सावकाराचे काम अडले नाही, त्याने धान्य मात्र अडते.

शिक्षणाच्या वयोमर्यादांचा विचार केला तर या पिढीवर झालेला अन्याय अधिक स्पष्ट होतो. १९४२ साली जन्मलेल्या एखाद्या स्त्रीचे उदाहरण घ्यावे. २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा तो १५ ते ३५ या वयोगटासाठी होता. ती छत्तीस वर्षांची होती. १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता अभियान आले, त्याचाही भर १५ ते ३५ याच वयोगटावर होता. ती शेहेचाळिशीत पोहोचली होती. २०१७ साली ग्रामीण कुटुंबांसाठी प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान हाती घेण्यात आले. प्रत्येक कुटुंबातील एका व्यक्तीला संगणक व मोबाइल वापरण्याचे शिक्षण देणाऱ्या या अभियानात मार्च २०२४ पर्यंत ६ कोटी ३९ लाख लोकांना प्रशिक्षण मिळाले, ही निश्चितच मोठी कामगिरी होय. पण या अभियानाची वयोमर्यादा १४ ते ६० अशी होती, आणि ती स्त्री तेव्हा पंचाहत्तर वर्षांची होती. प्रत्येक वेळी दार उघडले, आणि प्रत्येक वेळी ती उंबरठ्याच्या बाहेर राहिली. मर्यादित साधनसामग्री असताना कमावत्या वयाच्या लोकांना प्राधान्य देण्यामागे तर्क होता. परंतु शिकविताना ज्यांना वगळले त्यांच्याकडून शिकल्याची अपेक्षा मात्र यंत्रांनी सोडली नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार साठ वर्षांवरील पुरुषांत साक्षरतेचे प्रमाण ५९ टक्के, तर स्त्रियांत अवघे २८ टक्के होते. वृद्धांमधील विषमतेची ही दुसरी बाजू आहे. निवृत्त शिक्षक आणि निवृत्त शेतमजूर स्त्री या दोघांनाही ‘ज्येष्ठ नागरिक’ हे एकच नाव लावले जाते. पण पहिला नातवाकडून चार दिवसांत मोबाइलवर पैसे पाठवायला शिकतो, आणि दुसरीला पडद्यावरील अक्षरे ही अक्षरे आहेत की चित्रे, इथपासून सुरुवात करावी लागते. एकाच योजनेने दोघांची सोय होईल असे मानणे चुकीचे ठरेल.

फोन घरात आहे, पण कोणाचा?

गावात घरोघरी मोबाइल पोहोचला, असे सर्वत्र म्हटले जाते. ते बरोबरही आहे. परंतु फोन घरात असणे आणि वृद्धाच्या हाती असणे यांत अंतर आहे. चांगला फोन मुलाकडे किंवा नातवाकडे असतो. वृद्धाकडे असलाच तर जुना, बटणांचा, आणि त्यातही पैसे भरलेले असतीलच असे नाही. वृद्ध स्त्रीच्या बाबतीत तर आधी फोन पतीच्या नावावर आणि नंतर मुलाच्या नावावर असतो. तिच्या बँक खात्याला जोडलेला क्रमांक मुलाचा असतो आणि मुलगा कामासाठी पुण्याला किंवा मुंबईला गेलेला असतो.

अशा वेळी ओटीपी हा चार-सहा आकड्यांचा संकेतांक पुण्याला पोहोचतो आणि म्हातारी तालुक्याच्या सेवा केंद्रात उभी असते. मुलगा कारखान्यात यंत्रावर असला, फोन कपाटात ठेवून गेला असला, तर संकेतांकाची मुदत काही मिनिटांत संपते. पुन्हा मागवावा, पुन्हा फोन लावावा. कधी पूर्वी जोडलेला क्रमांक बंद पडलेला असतो. ठरावीक मुदतीनंतर तो दुसऱ्याच ग्राहकास दिला जातो, आणि मग या म्हातारीच्या खात्याचे निरोप भलत्याच माणसाच्या फोनवर जाऊ लागतात. यावरील उपाय उपलब्ध आहे आणि तो फारसा कोणाला ठाऊक नाही : २०२१ पासून टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमन घरी येऊन आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक बदलून देतो. ज्या गावात पोस्टमन अजून सायकलवर येतो आणि प्रत्येकाला नावाने ओळखतो, त्या गावात या सोयीचे मोल मोठे आहे.

फोनच्या घडणीचाही विचार करावयास हवा. जुन्या बटणांच्या फोनवर ‘पाच’ या आकड्यावर एक बारीक उंचवटा असे. बोटाला तो लागला की बाकीचे आकडे न पाहता सापडत. मोतीबिंदू झालेली माणसेही अशा फोनवरून मुलाला फोन लावू शकत. काचेच्या पडद्यावर बोटाला लागेल असे काहीच नाही. सारे काही डोळ्यांनी शोधावे लागते. पुन्हा, हा पडदा बोटाच्या स्पर्शातील सूक्ष्म विद्युत्-भारावर चालतो; कोरडे, घट्टे पडलेले बोट त्याला चटकन जाणवत नाही. हात कापत असेल तर एकाऐवजी दोन वेळा स्पर्श होतो, किंवा बोट जास्त वेळ टेकून राहते आणि पडदा भलतेच काही उघडतो. चाळिशी लागलेल्या डोळ्यांना बारीक अक्षर दिसत नाही. वयपरत्वे येणाऱ्या बहिरेपणात उंच पट्टीचे आवाज आधी नाहीसे होतात, त्यामुळे फोनवरील बारीक आवाजातील सूचनाही कानी पडत नाहीत. यांतील एकही गोष्ट बुद्धीशी संबंधित नाही. “म्हाताऱ्यांना काही समजत नाही” असे जे सहज म्हटले जाते, त्याचे मूळ पुष्कळदा केवळ अक्षराच्या आकारात असते.

रिझर्व्ह बँकेने ८ मार्च २०२२ रोजी साध्या, बटणांच्या फोनवरूनही पैसे देण्याघेण्याची ‘यूपीआय १२३ पे’ ही सोय सुरू केली. तीत इंटरनेट लागत नाही. फोन लावून आवाजी सूचनांप्रमाणे बटणे दाबली की काम होते. यंत्र माणसाच्या जवळ आणण्याचे हे उदाहरण आहे. मात्र गावच्या बँक शाखेत किंवा बँकमित्राकडे त्याची माहिती देणारा साधा फलकही क्वचितच आढळतो.

दुसरीकडे, जो यंत्र वापरत नाही त्याला थोडा अधिक खर्च सोसावा लागतो, ही बाब सहसा लक्षात येत नाही. कागदी वीज बिल नाकारून ते मोबाइलवर मागविणाऱ्या ग्राहकास महावितरणकडून सवलत मिळते. कागद वाचविण्याचा हेतू चांगलाच आहे. पण जिच्याजवळ ई-मेल नाही ती वृद्धा त्या सवलतीबाहेर राहते. सेवा केंद्रात द्यावे लागणारे शुल्क, एस.टी.चे भाडे आणि बुडालेली मजुरी हे सारे धरले, तर यंत्र येत नसल्याचा हा एक अदृश्य करच म्हणावा लागेल.

यासंबंधात एका विसंगतीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. “ओटीपी कोणालाही सांगू नका” असा इशारा बँका आणि पोलीस सतत देत असतात, आणि तो योग्य आहे. परंतु ज्याला वाचता येत नाही त्याने सेवा केंद्रातील चालकाला ओटीपी सांगितल्यावाचून त्याचे एकही काम होत नाही. एका ठिकाणी सांगणे हा धोका, दुसऱ्या ठिकाणी न सांगणे हा अडथळा. या दोहोंतील फरक ओळखण्याची जबाबदारी आज त्या वृद्धावरच टाकलेली आहे. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करता येते. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर रक्कम गोठविण्याची शक्यता अधिक असते. हा क्रमांक चावडीवर मोठ्या अक्षरांत लिहिला गेला तर पुष्कळ काम होईल.

हयातीचा दाखला

नोव्हेंबर महिना निवृत्तिवेतनधारकांच्या दृष्टीने महत्त्वाचा. आपण जिवंत आहोत हे या महिन्यात सिद्ध करावे लागते. पूर्वी त्यासाठी बँकेत प्रत्यक्ष जाऊन सही करावी लागे. १० नोव्हेंबर २०१४ रोजी ‘जीवन प्रमाण’ ही अंकीय पद्धत सुरू झाली आणि ठसा देऊन घराजवळच हा दाखला मिळू लागला. २०२० पासून पोस्टमन ७० रुपये शुल्क घेऊन घरी येऊन हे काम करतो. २९ नोव्हेंबर २०२१ रोजी चेहऱ्यावरून हयातीचा दाखला देण्याची सोय झाली. साध्या अँड्रॉइड फोनच्या कॅमेऱ्यासमोर बसून पापण्या मिचकावल्या की दाखला तयार होतो. २०२४ च्या मोहिमेत देशभरात एक कोटीहून अधिक अंकीय दाखले तयार झाले. अंथरुणाला खिळलेल्या निवृत्तिवेतनधारकाच्या उशाशी बसून दाखला काढता येतो, ही यंत्रयुगाची खरीखुरी देणगी आहे आणि तिचे श्रेय दिले पाहिजे.

परंतु पापणी मिचकावणे हीसुद्धा सर्वांना साध्य असणारी गोष्ट नाही. आम्लहल्ल्यात डोळे गमावलेल्या स्त्रियांच्या याचिकेवर ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्णयात नेमका हाच प्रश्न होता. अंकीय सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि ओळख पटविण्याच्या पर्यायी पद्धती ठेवण्यासह वीस निर्देश दिले. अशा सेवांपासून दूर राहिलेल्यांत ज्येष्ठ नागरिकांचाही उल्लेख त्या निर्णयात आहे.

श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आणि १९८० पासून चालू असलेली संजय गांधी निराधार अनुदान योजना यांच्या लाभार्थ्यांना २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये मिळू लागले. माजी कर्मचाऱ्याचे निवृत्तिवेतन महिनाभर अडले तर त्याची गैरसोय होते. निराधाराचे अनुदान अडले तर त्या महिन्याचे औषध आणि तेल-मीठ अडते. तेव्हा मोहिमेचे तंबू निवृत्तिवेतनधारकांच्या बँकांबाहेर जितक्या उत्साहाने उभारले जातात, तितक्याच उत्साहाने ते निराधारांच्या वस्तीवरही उभारले जावेत, ही अपेक्षा अवाजवी नाही.

नियम आहेत, नोंदवही नाही

वृद्धाचा ठसा जुळला नाही तर काय करावे, याबाबत नियम नाहीत असा एक समज आहे. तो खरा नाही. झारखंडमध्ये शिधा न मिळाल्याच्या दुःखद घटनांची चर्चा झाल्यानंतर २४ ऑक्टोबर २०१७ रोजी केंद्र शासनाच्या अन्न विभागाने राज्यांना कळविले की केवळ आधार नसल्याने किंवा प्रमाणीकरण न झाल्याने कोणाही पात्र लाभार्थ्याला धान्य नाकारू नये आणि अशा अपवादांची स्वतंत्र नोंद ठेवावी. आधार कायद्याविषयीच्या २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालातही, प्रमाणीकरण अयशस्वी झाल्याच्या कारणावरून पात्र व्यक्तीस लाभापासून वंचित ठेवू नये, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने घेतली. ९ नोव्हेंबर २०१७ रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांना ज्येष्ठांसाठी स्वतंत्र खिडकी किंवा प्राधान्य ठेवण्याचे आणि सत्तर वर्षांवरील ग्राहकांना घरपोच रोख रक्कम देण्यासारख्या सेवा पुरविण्याचे निर्देश दिले.

अडचण आहे ती अंमलबजावणीत. अपवादाची नोंदवही कित्येक दुकानांत नसतेच. दुकानदाराला भीती वाटते की यंत्राशिवाय धान्य दिले तर चौकशी होईल. निरीक्षकाला वाटते की अपवाद वाढले तर गैरव्यवहाराचा संशय येईल. दोघांचीही भीती निराधार नाही. यंत्रे आली तीच मुळी खोट्या नावांनी उचलले जाणारे धान्य थांबविण्यासाठी. म्हणून प्रश्न यंत्र हवे की नको असा नसून, यंत्राने ‘नाही’ म्हटल्यावर निर्णय कोणी करावयाचा असा आहे.

या संदर्भात दोन राज्यांतील अभ्यास उद्बोधक आहेत. कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहॉस आणि संदीप सुखटणकर या अर्थशास्त्रज्ञांनी आंध्र प्रदेशात सुमारे एक कोटी नव्वद लाख लोकवस्तीच्या क्षेत्रात रोजगार हमीची मजुरी आणि सामाजिक निवृत्तिवेतन ठशाच्या कार्डावर देण्याच्या योजनेचा अभ्यास केला. मजुरी लवकर मिळू लागली, गळती कमी झाली आणि लाभार्थ्यांनीही नव्या पद्धतीला पसंती दिली, असे त्यांना आढळले. याच अभ्यासकांनी पुढे झारखंडमध्ये शिधावाटपातील आधार प्रमाणीकरणाचा अभ्यास केला, तेव्हा चित्र वेगळे निघाले : ज्यांची शिधापत्रिका आधारशी जोडलेली नव्हती त्यांना मिळणाऱ्या धान्याच्या मूल्यात सुमारे दहा टक्के घट झाली. यंत्र साधारण त्याच जातीचे होते. फरक होता तो वापरात. आंध्रात ज्याच्याजवळ कार्ड नव्हते किंवा ज्याचा ठसा जुळला नाही त्यालाही जुन्या पद्धतीने पैसे देण्याची मुभा ठेवली होती; झारखंडमध्ये गळती रोखण्यावर भर होता. पहिल्या ठिकाणी यंत्र हा सोयीचा एक मार्ग होता, दुसऱ्या ठिकाणी तो एकमेव दरवाजा झाला.

महाराष्ट्रातील एक ताजे उदाहरण येथे आठवते. ऑगस्ट २०२२ मध्ये एस.टी. महामंडळाने पंचाहत्तर वर्षांवरील प्रवाशांना मोफत प्रवासाची अमृत ज्येष्ठ नागरिक योजना सुरू केली तेव्हा वाहकाला वय दाखविणारे कोणतेही मान्य ओळखपत्र पुरेसे ठरविण्यात आले. वाहक कार्ड पाहतो, चेहरा पाहतो आणि तिकीट देतो. बोट कोठेही टेकवावे लागत नाही. योजनेला ज्येष्ठांचा जो उदंड प्रतिसाद मिळाला त्यामागे हा साधेपणा होता, हे नाकारता येणार नाही. तसेच १ मार्च २०२१ रोजी साठ वर्षांवरील व्यक्तींचे कोविड लसीकरण सुरू झाले तेव्हा संगणकीय नोंदणीबरोबरच थेट केंद्रावर येऊन नाव नोंदविण्याची मुभा ठेवण्यात आली होती. अठरा ते चव्वेचाळीस वयोगटासाठी पुढे केवळ संगणकीय नोंदणीची अट आली, तेव्हा मात्र ग्रामीण भागाच्या अडचणीवर सर्वोच्च न्यायालयाला बोट ठेवावे लागले.

गावपातळीवर काय शक्य आहे

यासाठी मोठ्या निधीची गरज आहे असे नाही. ग्रामपंचायतीने सर्वप्रथम आपल्या हद्दीतील पासष्ट वर्षांवरील एकट्या राहणाऱ्या व्यक्तींची यादी करावी आणि प्रत्येकाच्या नावापुढे दोनच गोष्टी लिहाव्यात : ठसा जुळतो काय, आणि बँक व आधार यांना जोडलेला फोन कोणाचा आहे. ही यादी हाती आली की निम्मे काम झाले. ज्यांचा ठसा जुळत नाही त्यांच्यासाठी चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय कोणत्या दिवशी गावात येईल हे ठरविता येते. शिधापत्रिकेचे ई-केवायसी करण्यासाठी ‘मेरा ई-केवायसी’ हे मोबाइलवरील साधन उपलब्ध झालेले आहेच. ज्यांचा फोन परगावी आहे त्यांच्यासाठी पोस्टमनला एक दिवस बोलावता येतो. धान्य दुकानातील अपवादाची नोंदवही दक्षता समितीने दरमहा पाहावी. एखाद्या दुकानात शंभर वृद्ध आणि नोंदवहीत एकही अपवाद नाही, असे दिसले तर ते उत्तम कारभाराचे लक्षण न मानता चौकशीचे कारण मानावे.

शिक्षकांच्या दृष्टीने २०२२ पासूनचा नवभारत साक्षरता कार्यक्रम महत्त्वाचा आहे, कारण त्यात पंधरा वर्षांवरील सर्वांना स्थान असून कमाल वयाची अट नाही आणि अंकीय साक्षरतेचाही त्यात समावेश आहे. १९४२ साली जन्मलेली ती स्त्री या योजनेच्या वयोमर्यादेत बसते. मात्र तिला शिकविण्याची रीत वेगळी असावी. एका बैठकीत एकच गोष्ट, तीही तिच्याच फोनवर, आणि तीच दुसऱ्या दिवशी पुन्हा. फोन तिच्या हातातून काढून न घेता. घाईने फोन ओढून “थांब आजी, मीच करतो,” असे म्हणणारा नातू काम चटकन करतो, पण आजी तेथेच राहते. सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांना हे आधी समजावून सांगितले, तर ते उत्तम शिक्षक होतात असा शाळांचा अनुभव आहे. फोनमधील अक्षरे मोठी करणे, भाषा मराठी करणे आणि आवाज वाढविणे या तीन गोष्टी पहिल्याच दिवशी करून द्याव्यात.

कार्यालयांनी आपल्या खिडक्यांकडे याच दृष्टीने पाहावे. सत्तर वर्षांवरील व्यक्तीला तीन प्रयत्नांनंतर “उद्या या” असे न सांगता तिची कागदपत्रे पाहून काम पुढे नेण्याचा अधिकार कोणाला आहे, हे त्या खिडकीवर नावानिशी लिहिलेले असावे. अधिकार कागदावर पुष्कळांना असतो. खिडकीपाशी तो कोणाचाच नसतो. ज्यांना कोणी विचारणारे नाही त्यांच्यासाठी १४५६७ हा ज्येष्ठांचा साहाय्य क्रमांक १ ऑक्टोबर २०२१ पासून देशभर उपलब्ध आहे.

१ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिन म्हणून पाळला जातो आणि त्या दिवशी ठिकठिकाणी सत्कार होतात, शाल-श्रीफळ दिले जाते. दुसऱ्या दिवशी, २ ऑक्टोबरला, गावोगावी ग्रामसभा भरते. गेल्या बारा महिन्यांत किती वृद्धांना धान्य दुकानातून, बँकेतून किंवा सेवा केंद्रातून ठसा न जुळल्यामुळे परत पाठविले गेले, आणि त्यांपैकी किती जणांना त्याच आठवड्यात त्यांचा हक्क मिळाला, हे दोन आकडे त्या सभेत वाचून दाखविता येतील. ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत त्यासाठी एक ओळ पुरेशी आहे.